शेपूट सोडायचं नाही

बोट धक्क्यावरून सुटायच्या आधीच मीनाक्षीनं आपल्या भावाच्या हातातली पिशवी काढून घेतली. हातात पिशवी नसली की दादा कुठं जात नाही, एवढं तिला त्याच्या कोलकात्यातल्या, बेहालाच्या घरी मुक्कामात कळून चुकलं होतं.

ती आणि तिचा नवरा चंद्रकांत पुण्याहून आले त्याला आठवडा होत आला होता. आल्या दिवसापासून तिनं एकच विषय लावून धरला होता. मनोहरदादा आणि लीनावहिनीनं आता कोलकाता सोडावं आणि पुण्यात तिच्या सोसायटीत, तिच्याच मजल्यावर, अगदी समोरचा फ्लॅट रिकामा झालाय तिथं राहायला यावं. मनोहर खांबेट्यांचं उत्तरही एकच होतं. ‘पुणे’ हा शब्द कानावर पडला की ते उठायचे, दारामागची पिशवी घ्यायचे आणि मासे आणायला जायचे. फ्रिजमध्ये आता दुसरं काही ठेवायला जागा उरली नव्हती. जन्माचे शाकाहारी चंद्रकांतराव पाण्याची बाटली काढताना डोळे मिटून घेत आणि चुकून भलत्याच गोष्टीला हात लागला की बराच वेळ हात धूत बसत.

म्हणून मीनाक्षीनं बेट निवडलं. “दादा, गुडघे शाबूत आहेत तोवर एकदा गंगासागर करून घेऊ या,” असं ती म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त सागरद्वीपाच्या चारी बाजूंना पाणी आहे आणि तिथून उठून बेहालाच्या बाजारात जाता येत नाही, हे तिनं बोलून दाखवलं नाही.

“इथं कशाला हवी तुला पिशवी?” तिनं विचारलं.

“बेटावर पारशे मासे चांगले मिळतात,” मनोहर म्हणाले. “ताजे. तू काढून घेतलीस तरी हातात आणता येतात.”

अजेय कठड्याशी उभा राहून हे ऐकत होता. मनोहर आणि लीना यांचा हा एकुलता एक मुलगा या कटात सामील होता. लॉजच्या खोल्या त्यानंच घेतल्या होत्या. बायको ऋता ऑफिसच्या कामानं बंगळुरात होती, म्हणून लेकीला, नूपुरला, त्यानं बरोबर आणलं होतं. बेहाला ते न्यू टाउन, दर रविवारी शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन तो कंटाळला होता हे खरं, पण त्यासाठी तो आत्याच्या बाजूला गेला नव्हता. तो आईसाठी गेला होता. पुण्याहून फोन आला की आई उसासा टाकायची. “मी काय सांगणार, यांना विचारा,” म्हणायची आणि फोन बाबांकडे द्यायची. बाबा फोनवर ‘नाही’ म्हणत आणि आई स्वयंपाकघरात भांडी आदळायची. अजेय लहानपणापासून हे पाहत आला होता. बाबांच्या रेल्वेच्या नोकरीपायी, गार्डन रीचच्या त्या ऑफिसपायी आईचं सगळं आयुष्य परक्या गावात गेलं. आता तरी तिला माणसात जाऊ द्यावं, असं त्याला वाटत होतं.

बोट निघाली तसे पाठीमागून समुद्रपक्षी आले. प्रवासी त्यांना कुरमुरे टाकत होते. नूपुरही टाकायला गेली आणि ओरडत परत आली.

“आजोबा, पक्षी माझी हात चावली.”

“माझा हात चावला,” मीनाक्षीनं सुधारलं.

“तुमची पण?” नूपुरनं काळजीनं विचारलं.

मीनाक्षीनं अजेयकडे असं पाहिलं की कोलकाता सोडायला आणखी कारण हवंय का.

चंद्रकांतराव बोटीतला बांगला फलक वाचत होते. बेहालाला आल्यापासून त्यांनी नूपुरकडून एकेक अक्षर शिकून घेतलं होतं आणि आता दिसेल ती पाटी ते बोट ठेवून मोठ्यानं वाचत. “सा-ब-धा-न,” ते म्हणाले आणि फार समाधानानं सगळ्यांकडे वळले. “सावधान म्हणतायत.” सावधान कशापासून, ते पुढच्या ओळीत होतं. ती वाचून होण्याआधी बोट बेटाला लागली.

बेटाच्या त्या टोकापासून समुद्राकडच्या टोकापर्यंत गाडीनं बराच रस्ता होता. विड्याच्या पानांचे मांडव, तळी, तळ्यांच्या काठावर वाळत घातलेल्या साड्या. वाटेत मनोहरांनी सगर राजाच्या साठ हजार मुलांची गोष्ट सांगितली. कपिलमुनींनी रागानं त्यांची राख केली, मग भगीरथानं गंगा इथवर आणली तेव्हा ते तरले.

“साठ हजार भाऊ,” चंद्रकांतराव म्हणाले. “एकाची तरी बहीण असेल की हो. ती बिचारी कुणाकुणाला फोन करत असेल.”

मीनाक्षीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते खिडकीबाहेरच्या पाट्यांकडे वळले.

लॉज समुद्राजवळच होता. उदयबाबू नावाचा मॅनेजर, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. चहा झाला. मीनाक्षीनं खुर्ची अशी ओढली की दादा भिंत आणि ती यांच्यामध्ये आला. मग तिनं अजेयला नजरेनं खूण केली, अजेयनं घसा साफ केला आणि ती म्हणाली, “तर दादा, मी काय म्हणत होते—”

“आजोबा, टोटो आली,” नूपुर फाटकातून ओरडली.

मनोहर उठले. बॅटरीवरची ती टोटोरिक्षा त्यांनी आल्या आल्याच सांगून ठेवली होती. “दीपस्तंभ बघून येतो. इंग्रजांच्या वेळचं बरंच काही आहे या बेटावर. जुनी देवळं समुद्रानं गिळली, ती जागा पण बघायची आहे,” ते म्हणाले. बहिणीच्या खुर्चीला वळसा घालून ते नातीबरोबर टोटोत बसून गेलेसुद्धा. ते परतले तेव्हा जेवणं वाढलेली होती, आणि जेवताना घरातल्या कटकटी काढायच्या नाहीत हा खांबेट्यांच्या घरचा जुना नियम मीनाक्षीच्याच आईनं केलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानाला गेल्यावर मात्र गोष्टी मीनाक्षीच्या हातातून गेल्या. म्हणजे खरं तर हातातून गेल्या नाहीत, हीच अडचण झाली.

वाळूवर पंडे बसले होते. त्यांच्यातल्या एकाजवळ पिवळी झूल घातलेलं तांबूस वासरू होतं. मेल्यावर वैतरणी नदी पार करायची तर गाईचं शेपूट धरावं लागतं. ते इथंच, जिवंतपणी, संकल्प सोडून धरून ठेवलं की पुढची चिंता मिटते, असं त्यानं हिंदीत समजावलं. मीनाक्षीला ते पटलं. पुण्यात ती असल्या गोष्टींना हसली असती, पण सकाळचं ऊन होतं, पाणी चमकत होतं, आणि आपण काहीतरी धरून ठेवलं पाहिजे असं तिला गेले कित्येक दिवस वाटतच होतं. तिनं ओल्या साडीचा पदर खोचला आणि शेपूट दोन्ही हातांनी धरलं.

“मंत्र पूरा होने तक छोड़ना नहीं, माताजी,” पंडा म्हणाला.

“नाही सोडणार,” मीनाक्षी म्हणाली.

मंत्र अर्ध्यावर आला असेल. चंद्रकांतरावांना ऊन लागायला लागलं. त्यांची छत्री बटण दाबलं की उघडणारी होती. ती फट्कन उघडली, बरोबर वासराच्या तोंडासमोर.

वासरू निघालं. मीनाक्षीही निघाली.

आधी सगळ्यांना वाटलं की ती सोडेल. ती सोडेना. वासरू शंखांच्या दुकानांपुढून गेलं, मागून मीनाक्षी गेली. कुठलंसं एक मोठं कुटुंब फोटोसाठी ओळीत उभं होतं, त्याच्या मधून ती दोघं गेली, आणि फोटो काढणाऱ्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. तिच्यामागं मनोहर धावत होते, त्यांच्यामागं अजेय, त्याच्यामागं मंत्र म्हणतच पंडा, कारण अर्धा संकल्प त्यालाही सोडता येत नव्हता.

“मिने, सोड ते,” मनोहर ओरडले.

“सोडू कशी? मधेच राहीन मी,” मीनाक्षी पुढून ओरडली.

“गाय पळाला, आत्याआजी पळाला,” नूपुर टाळ्या वाजवत होती. या वेळी तिला कुणी सुधारलं नाही.

शेवटी ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलात वासराचे पाय रुतले. ते थांबलं. मीनाक्षी थांबली नाही. ती वासराच्या बाजूनं थोडी पुढं जाऊन मऊ चिखलात बसली. पंड्यानं धापा टाकत शेवटची ओळ म्हटली आणि हात जोडले. “पार हो गईं, माताजी.”

मनोहर गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते पहिल्यांदाच धावले होते. बहीण हसतेय असं वाटून तेही हसायला लागले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

“लागलं का गं?”

“पाय मुरगळलाय,” ती म्हणाली. चिखलानं भरलेल्या हातानं तिनं डोळे पुसले, त्यामुळं चेहरा आणखीच बिघडला. “दादा, आमच्या समोर नवीन माणसं राहायला आली ना, की मी त्यांना विचारायला जाते, विरजण हवंय का. त्यांना विरजण म्हणजे काय तेच माहीत नसतं. मग ती पण सोडून जातात. पोरं अमेरिकेत. संध्याकाळी हे पेपर वाचतात आणि मी दारातून जिन्याकडे बघत बसते. मला वाटलं, समोर तू असशील. दार उघडं टाकता येईल.”

मनोहर तिच्या शेजारी चिखलात बसले. त्यांची पँट नवी होती. एवढ्या वर्षांत या पोरीनं आपल्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आपण तिचं बोलणं ऐकायचं सोडून रोज मासे आणत राहिलो, असं त्यांच्या मनात आलं.

“येतो आम्ही,” ते म्हणाले.

“कुठं?”

“पुण्याला. विरजण लावून ठेव.”

मागं लीना सगळ्यांच्या चपला हातात घेऊन उभी होती. त्यातली एक चप्पल खाली पडली.

दुपारी लॉजवर आनंदीआनंद होता. मीनाक्षीचा पाय गरम पाण्याच्या बादलीत होता आणि पाय सोडून बाकी सगळी मीनाक्षी पुण्यात पोचली होती. देवघर कुठं, कपाट कुठं, वहिनीच्या कुंड्या कुठल्या बाल्कनीत. एकदाचं बोलून टाकल्यावर मनोहरांना हलकं वाटत होतं आणि भूकही लागली होती. चंद्रकांतराव व्हरांड्यात गाढ झोपले होते.

लीना खोलीत ओल्या साड्या पिळत होती. आधीच पिळलेली साडी ती पुन्हा पिळतेय हे अजेयला दिसलं.

“आई, झालं ना मनासारखं?” तो म्हणाला.

“कुणाच्या?”

“तुझ्या. तुला जायचंच होतं ना पुण्याला.”

“मी कधी म्हटलं?”

अजेय आठवायला लागला. “तू उसासे टाकायचीस.”

“मला उसासे टाकायची सवय आहे,” लीना म्हणाली. “भात लागला तरी मी टाकते.”

ती कॉटवर बसली. लग्न होऊन या गावात आली तेव्हा पहिलं वर्षभर ती रडली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते जपून ठेवलं होतं. नंतर केव्हा रडणं थांबलं, ते तिनं कुणाला कळवलं नव्हतं. पुण्यात ती खांबेट्यांची सून. तिथं तिची आमटी अजूनही सासूबाईंच्या आमटीशी ताडून बघत. बेहालाला ती लीनादी होती. दुर्गापूजेच्या दिवसांत सबंध पाड्याच्या, म्हणजे आळीच्या, भोगाच्या खिचडीत मीठ किती, हे तिला विचारल्याशिवाय पडत नसे. संध्याकाळी खाली बायका जमत, तिला उतरायला उशीर झाला तर वर हाका मारत. हे सोडून जायचं नव्हतं तिला. पण सासरच्यांना तोंडावर ‘नाही’ कसं म्हणायचं? आणि म्हणायची गरजही पडली नव्हती. नवरा म्हणतच होता. हट्टी म्हणून त्याचं नाव झालं होतं, आणि तिचं सोशिक म्हणून. फार सोयीचं चाललं होतं.

जेवायला बसल्यावर मीनाक्षी म्हणाली, “वहिनी, डिंकाच्या लाडूंचा डबा इकडून आणूच नकोस, तिथं आपण—”

“मला यायचं नाही,” लीना म्हणाली.

डाळ वाढणारे उदयबाबू मराठी कळत नसूनही मधेच थांबले.

“अगं, पण मी तुझ्यासाठीच हो म्हटलं,” मनोहर म्हणाले. “मीनाक्षीसाठी आणि तुझ्यासाठी.”

“तुम्ही माझ्यासाठी हो म्हणू नका. इतकी वर्षं नाही म्हणत होतात, ते बरं चाललं होतं.”

“म्हणजे?” मनोहरांनी हातातला घास ठेवला. “सगळ्या नातेवाइकांत मी हेकट ठरलो. मामांच्या पंच्याहत्तरीला मला कुणी धड विचारलं नाही. तू कधी बोलली नाहीस की तुलाच—”

“तुम्हालाही नव्हतंच जायचं ना.”

“मला तुझ्याइतकं नव्हतं असं नाही,” मनोहर म्हणाले, आणि आपण नक्की काय बोललो ते जुळवायला त्यांना थोडा वेळ लागला.

“आजी जाणार नाही,” नूपुर म्हणाली. हे वाक्य तिचं कधी नव्हे ते बिनचूक आलं.

मीनाक्षी बादलीतून पाय काढून उठायला गेली, कळ येऊन पुन्हा बसली. “मला आत्ताच्या आत्ता निघायचंय,” ती म्हणाली. “अजेय, बोट.”

“आत्ता ओहोटी आहे, आत्या. पाणी चढल्याशिवाय बोटी सुटत नाहीत. संध्याकाळी जाऊ.”

“मग मी संध्याकाळपर्यंत बोलणार नाही.” तिनं तोंड फिरवलं, पण टेबल गोल होतं. कुठंही फिरवलं तरी कुणीतरी समोर येत होतं, म्हणून ती डाळीकडे बघत राहिली.

तेवढ्यात चंद्रकांतराव व्हरांड्यातून आले. डोळे सुजलेले, केस उभे. काय झालं ते अजेयनं त्यांना हळू आवाजात सांगितलं. त्यांनी पान वाढून घेतलं, भात कालवला आणि म्हणाले, “मग आपणच राहू.”

“कुठं?” न बोलायचं ठरवलेली मीनाक्षी म्हणाली.

“यांच्याकडे. बेहालाला. तुझा पाय बरा होईपर्यंत तर राहू, पुढचं पुढं. पुण्यात आपली कोण वाट बघतंय? मला इथं दुपारची झोप लागते. आणि पाट्या पण पुष्कळ आहेत वाचायला.” थोडा वेळ जेवून ते म्हणाले, “अर्थात वहिनींना चालत असेल तर.”

आता सगळे लीनाकडे बघायला लागले. लीनाला क्षणभर आपण पुण्याला हो म्हणायला हवं होतं असं वाटून गेलं. मीनाक्षी महिना-दोन महिने घरात म्हणजे काय, ते तिनं आठवडाभर पाहिलं होतं. डब्यांवर चिठ्ठ्या, पडदे धुवायला, आमटीत गूळ. पण नणंदेच्या कानामागं अजून चिखल वाळलेला होता आणि तो तिला कुणी सांगितला नव्हता.

“राहा की,” लीना म्हणाली. “मागची खोली रिकामीच असते. फक्त गुळाचं माझ्याकडे राहू दे.”

 जेवणं आवरल्यावर लीना तेल घेऊन मीनाक्षीच्या खोलीत गेली, तेव्हा ती उशीला टेकून छताकडे बघत होती. लीनानं आधी ओल्या फडक्यानं तिच्या कानामागचा चिखल पुसला आणि मग पाय मांडीवर घेतला. घोट्याभोवती ती तेल जिरवत राहिली.

“संध्याकाळी काय करता तुम्ही तिकडं?” मीनाक्षीनं छतालाच विचारलं.

“खाली बसतो. आठ-दहाजणी असतात. बोलतो.”

“बंगालीत?”

“बंगालीत.”

“मग मी काय नुसती बघत बसू?”

“मीही बसायचे. मग आलं हळूहळू.”

“तू पहिलं काय शिकलीस?”

लीनाला हसू आलं. “आमि जाबो ना.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी जाणार नाही. यांची बदली होणार अशी एकदा आवई उठली होती. तेव्हा शेजारणीला सांगायला शिकले. तिला सांगितलं, यांना नाही सांगितलं.”

“आमि जाबे ना,” मीनाक्षी म्हणाली.

“जाबो. ओठ गोल कर.”

मीनाक्षीनं ओठ गोल केले. तिनं ते पुन्हा म्हटलं, मग आणखी पुन्हा, एकदा रागानं, एकदा लाडात. काही बाबतींत ती फार चिवट होती. व्हरांड्यातून चंद्रकांतरावांनी विचारलं, “कोण कुठं जाणार नाहीये?” पण त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

पाणी चढलं होतं. मनोहर आणि अजेय आत बॅगा भरत होते, नूपुर समुद्राशी शेवटचं खेळून घेत होती. बोटीच्या धक्क्यावर नेणारी गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली, तसे उदयबाबू दारात आले.

“दीदी, गाडी एशे गेछे,” ते मीनाक्षीला म्हणाले. “जाबेन तो?”

मीनाक्षीला त्यातलं ‘जाबे’ ओळखीचं वाटलं. ती उशीवरून सरळ झाली, ओठ गोल केले आणि अगदी स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, “आमि जाबो ना.”

उदयबाबूंचा चेहरा उजळला. बंगाली बोलणारी पुणेरी बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती. दोन्ही हातांनी नमस्कार करून ते फाटकाकडे गेले आणि गाडीवाल्याशी काहीतरी बोलले. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडून त्यांनी रात्रीच्या जेवणाची माणसं सांगितली.

लीनानं हे सगळं ऐकलं होतं. हाक मारायला तिनं तोंड उघडलं, पण हात तेलाचे होते, मांडीवर नणंदेचा पाय होता, आणि नणंद तिच्याकडे शाबासकीसाठी बघत होती.

“बरोबर आलं?” मीनाक्षीनं विचारलं.

“एकदम बरोबर,” लीना म्हणाली.

दोन्ही हातांत बॅगा घेऊन मनोहर बाहेर आले तेव्हा फाटकाबाहेरच्या रस्त्यावर नुसती धूळ होती. चंद्रकांतराव खुर्चीत पाय वर घेऊन पुन्हा झोपायच्या तयारीत होते.

“गाडी कुठं गेली?” मनोहरांनी विचारलं.

“गेली,” चंद्रकांतराव म्हणाले. “आपण नाही गेलो. बसा.”

मनोहरांनी बॅगा खाली ठेवल्या, थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं, आणि शेजारची खुर्ची ओढली.